मी पाठवलेल्या प्रार्थना-विनंतीचे शुद्धिपत्र

२०२२ च्या फेब्रुवारीतील शेवटच्या रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या मोबाईलवर एक प्रार्थना-विनंती आली. युक्रेनमध्ये युद्ध सुरू होऊन तीन-चारच दिवस झाले होते आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, व्हॉट्सॲप गटावर प्रार्थनेचे संदेश इतक्या वेगाने येत होते की एक वाचून होईपर्यंत त्याखाली आणखी चार जमा होत. या विनंतीत मात्र युक्रेन नव्हते, भारत होता. काल रात्री बौद्ध अतिरेक्यांनी २० चर्च जाळली आहेत, आज रात्री ओलिसाबांग प्रांतातील २०० चर्च नष्ट करण्याचा त्यांचा बेत आहे, येत्या २४ तासांत २०० मिशनऱ्यांना ठार मारले जाणार आहे, सर्व ख्रिस्ती लोक खेड्यांतून लपून बसले आहेत, तरी भारतातील मंडळीसाठी प्रार्थना करा आणि हा संदेश ओळखीच्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला पाठवा, असा तो मजकूर होता. मी तो उभ्यानेच वाचला. माझे डोळे भरून आले आणि पाच मिनिटांच्या आत मी तो पुढे पाठवलेला होता.

तो कसा पाठवला हे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण माझी खरी चूक तिथे आहे. संदेश माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या माथ्यावर दोन बाणांची खूण होती. जो संदेश मूळ लिहिणाऱ्यापासून निदान पाच हात फिरून आलेला असतो, त्यावर व्हॉट्सॲप ही खूण लावते, आणि २०२० च्या एप्रिलपासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे धाडता येतो. मला तो तीन गटांवर टाकायचा होता, म्हणून मी मजकुराची नक्कल केली, ती नव्या संदेशात चिकटवली, वर ‘आपल्या बांधवांसाठी आज रात्री गुडघ्यांवर या’ अशी एक ओळ जोडली आणि खाली स्वतःचे नाव लिहिले. नक्कल करून चिकटवलेल्या मजकुरावर बाण उमटत नाहीत. वाचणाऱ्याला सावध करणारी एकच खूण त्या संदेशावर होती, ती मी माझ्या हाताने पुसली आणि तिच्या जागी माझे नाव ठेवले. त्यानंतर तोच मजकूर मी माझ्या स्टेटसवरही लावला.

मी ३१ वर्षे पुण्यातील एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. मूळ प्रतीशी ताडून पाहिल्यावाचून एक काना किंवा एक अनुस्वारही पुढे जाऊ द्यायचा नाही, या शिस्तीत माझे आयुष्य गेले. मंडळीत मला लोक ओळखतात ते त्यामुळेच. वार्षिक अहवाल असो की एखाद्याच्या लग्नाची पत्रिका, ती माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय छापली जात नसे. त्यामुळे माझ्या नावाने आलेल्या त्या संदेशाची कोणीही चौकशी केली नाही. ‘आमेन’, ‘प्रार्थना करीत आहोत’, ‘प्रभू, दया कर’ असे लोक रात्री साडेअकरापर्यंत लिहीत राहिले.

सकाळी चहा घेताना मुलीने विचारले, “पप्पा, हा ओलिसाबांग प्रांत आहे कुठे?” मी म्हणालो, ईशान्येकडे असेल. ती काही बोलली नाही, नकाशा उघडून तिने मोबाईल माझ्यापुढे ठेवला. भारतात राज्ये आहेत, केंद्रशासित प्रदेश आहेत, पण प्रांत आता नाहीत, आणि ओलिसाबांग नावाचे काहीच कुठे नाही. मग तिने तो मजकूर शोधून दाखवला. हेच शब्द जर्मन भाषेत होते, स्पॅनिशमध्ये होते, इंग्रजीत होते, आणि कित्येक वर्षांपूर्वीच ते खोटे असल्याचे लोकांनी दाखवून दिलेले होते. याच धर्तीचा दुसरा एक संदेश अफगाणिस्तानातील २२ मिशनऱ्यांना देहदंड होणार असल्याचा आहे, आणि तोही असाच वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामागे निदान एक खरी घटना होती. २००७ मध्ये दक्षिण कोरियातील एका मंडळीच्या २३ जणांचे तालिबानने अपहरण केले, त्यांतील दोघांना ठार मारले आणि उरलेल्यांना त्याच वर्षी सोडून दिले. ती माणसे घरी परतून पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्यांच्यासाठी ‘आज दुपारपर्यंत’ प्रार्थना करण्याची विनंती अजून फिरतेच आहे.

त्यानंतर मी माझा संदेश मूळ प्रत हातात घेतल्यासारखा पुन्हा वाचला. त्यात तारीख नव्हती. ‘काल रात्री’ असे लिहिलेला संदेश कोणत्याही दिवशी वाचला तरी काल रात्रीचाच राहतो. ‘भारतातील मंडळीसाठी प्रार्थना करा’ हे वाक्य भारतात राहणारा माणूस आपल्या शेजाऱ्याला लिहिणारच नाही, तो गावाचे नाव लिहील. एका गावाचे, एका पाळकाचे, एका चर्चचे नाव नव्हते. नवखा उमेदवारसुद्धा समासात प्रश्नचिन्ह घालेल अशा या जागा होत्या.

मी संदेश पुसायला गेलो. त्या काळी पाठवलेला संदेश सर्वांच्या मोबाईलवरून पुसण्याची मुभा तासाभराहून थोडी अधिक होती. पुढे त्याच वर्षी ती दोन दिवसांहून जास्त झाली, पण मला त्याचा उपयोग नव्हता. तीनही गटांवर तो तसाच उभा होता. स्टेटस तेवढे काढता आले. काढण्यापूर्वी ते कोणी कोणी पाहिले त्याची यादी मी वाचली आणि अकराव्या नावावर थांबलो. ते नाव आमच्या शेजारच्या वहिनींचे होते.

आम्ही गंज पेठेत राहतो. जुना वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत आमचे आणि वहिनींचे दार समोरासमोर आहे. त्यांचे यजमान माझ्यापेक्षा मोठे, माझे स्नेही होते. ते गेल्यापासून वहिनी एकट्या राहतात. त्या बौद्ध आहेत. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली तेव्हा त्यांचे वडील तिथे होते, आणि तो दिवस २५ डिसेंबरचा असल्यामुळे दर वर्षी नाताळच्या सकाळी वहिनी आमच्याकडे येतात, करंजी खातात, आम्हाला शुभेच्छा देतात आणि मग देहूरोडला जायला निघतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझी पत्नी कोविडमुळे रुग्णालयात होती, तेव्हा मला आणि माझ्या मुलीला बावीस दिवस डबा त्यांच्या घरून आला. तो त्या दारात ठेवून घंटी वाजवत आणि मागे सरून जिन्यात उभ्या राहत.

त्याच सकाळी दहा वाजता त्या आल्या. रागावलेल्या नव्हत्या, त्यामुळे मला अधिक कठीण गेले.

“भाऊ, तुमच्या मोबाईलवर काल वाचलं. पुतण्यानं मला विचारलं, काकू, हे कोण बौद्ध अतिरेकी? मला काही सांगता आलं नाही. म्हटलं, भाऊंनी लिहिलंय म्हणजे काहीतरी असेल. आपले लोक चर्च जाळतात का हो कुठं?”

मी म्हणालो, “नाही वहिनी. ते खोटं आहे. मी न बघता लिहिलं.”

“तुम्ही न बघता?” एवढेच त्या म्हणाल्या आणि थोड्या वेळाने उठून गेल्या.

आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा मी संडे स्कूलमध्ये पाठ केली आहे आणि पुढे वीस वर्षे मुलांकडून पाठ करून घेतली आहे. ती शिकवताना मी मुलांना न्यायालय, साक्षीदार आणि शपथ असे समजावून सांगत असे. आज्ञेतील ‘शेजारी’ हा शब्द इतका अक्षरशः घ्यायचा असतो आणि खोटी साक्ष देण्यासाठी खोटे बोलण्याचा हेतूही लागत नाही, हे मला त्या सकाळी प्रथम समजले. मी वाईट इच्छिले नव्हते. मी प्रार्थना मागितली होती. पण प्रार्थनेचे नाव लागताच तपासण्याची गरज संपली असे मी धरून चाललो, आणि त्या पवित्र शब्दाच्या आडून एका निरपराध समाजावर २० चर्च जाळल्याचा आरोप माझ्या सहीने तीन गटांवर जाऊन बसला.

संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडे, गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “आता काय करायचं म्हणता?” मी म्हणालो, गटावर कळवतो की संदेश खात्रीशीर नव्हता. त्यांनी मला तिथेच लिहायला सांगितले. मी लिहिले, ‘काल पाठवण्यात आलेला संदेश खात्रीशीर नसल्याचे समजते, तरी कृपया पुढे पाठवू नये.’ त्यांनी ते वाचले आणि विचारले, “पाठवण्यात आलेला, म्हणजे कोणी पाठवला? आणि समजते, म्हणजे कोणाला समजते?” आयुष्यभर मी दुसऱ्यांची वाक्ये तपासली, त्या दिवशी माझे तपासले गेले. कर्ता लपवणारे ते वाक्य मी अभावितपणे लिहिले होते, पण ते मला सोयीचे होते यात शंका नाही.

चौथ्या खेपेला जो मजकूर ठरला तो असा: ‘रविवारी रात्री मी या गटावर ओलिसाबांग प्रांतात चर्च जाळल्याचा संदेश टाकला. तो खोटा आहे. त्या नावाचा प्रांत भारतात नाही आणि तशी घटना घडलेली नाही. मी तो तपासला नाही, तो अनेक वेळा फिरून आल्याची खूण माझ्याकडून निघून गेली, आणि खाली माझे नाव घातल्यामुळे तुम्ही विश्वास ठेवलात. या संदेशात बौद्ध समाजावर खोटा आरोप आहे. मी देवाची, तुमची आणि आपल्या बौद्ध शेजाऱ्यांची क्षमा मागतो. तुमच्यापैकी ज्यांनी तो पुढे पाठवला असेल त्यांनी हे शुद्धिपत्रही त्याच ठिकाणी पाठवावे.’

‘माझ्याकडून निघून गेली’ हे शब्दसुद्धा पाळकसाहेबांनी मला बदलायला लावले. तिथे शेवटी ‘मी काढली’ असे आले.

शुद्धिपत्र हा आमच्या छापखान्यातला शब्द. पुस्तकात चूक राहिली तर शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून ती प्रत्येक प्रतीत चिकटवावी लागे, आणि विकून झालेल्या प्रतींचे काय, हा प्रश्न मागे उरत असे. इथे तर सगळ्याच प्रती बाहेर गेलेल्या होत्या. मी गटांवर टाकलेले शुद्धिपत्र वाचून चौदा जणांनी मला कळवले की त्यांनी मूळ संदेश पुढे पाठवला होता. त्यांतील नऊ जणांनी शुद्धिपत्रही पाठवले असे सांगितले. उरलेल्यांकडे मी एकेक करून फोन केले. दोघे म्हणाले, आता कशाला तो विषय काढता, लोक विसरले असतील. ज्या मावसबहिणीकडून मला तो अहमदनगरहून आला होता, तिला तो नाशिकच्या एका बायबल-अभ्यास गटातून आला होता, त्या गटात तो गोव्याहून आला होता, आणि तिथे माझा माग संपला.

गटावर काही भावंडांनी मला धीर दिला. ‘हेतू चांगला होता, केलेली प्रार्थना वाया जात नाही’ असे त्यांनी लिहिले. त्यांच्या प्रेमाविषयी मी कृतज्ञ आहे, पण त्यांचे म्हणणे मला पटले नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ती अफवा पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांचा हेतू आपली मुले जपण्याचाच असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घालण्याचे जाहीर केले. आपल्या पुण्यातही २०१४ च्या जूनमध्ये समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह चित्रांवरून तणाव पसरला असताना हडपसरला एका तरुण संगणक अभियंत्याचा जीव गेला, आणि त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. चांगल्या हेतूची ग्वाही त्या घरांना काय उपयोगाची?

एका वडीलधाऱ्या बंधूंचा आक्षेप मात्र गंभीर होता आणि मी त्यावर पुष्कळ विचार केला. त्यांचे म्हणणे असे की ख्रिस्ती लोकांवर हल्ले होत नाहीत का? २००८ मध्ये ओडिशातील कंधमाळ जिल्ह्यात चर्च जळली, घरे जळली, माणसे मारली गेली, हजारो लोक रानात आणि छावण्यांत राहिले. मग एखाद्या संदेशात नावाची चूक असली म्हणून एवढा बोभाटा करून आपणच आपल्या दुःखाला खोटे का ठरवायचे? मी त्यांच्या घरी जाऊन बोललो. कंधमाळमध्ये जे घडले त्याला गावांची नावे आहेत, मृतांची नावे आहेत, न्यायालयातील खटले आहेत. ओलिसाबांगला यांतले काहीच नाही. जो माणूस माझ्याकडून ओलिसाबांग ऐकेल आणि ते खोटे असल्याचे त्याला कळेल, तो उद्या मी कंधमाळ सांगितले तरी ऐकणार नाही. खऱ्या छळलेल्यांचा आवाज अशा संदेशांनी बुडतो, असे मी म्हणालो. त्यांना ते पूर्ण पटले असे नाही, पण निघताना त्यांनी माझ्यासोबत प्रार्थना केली.

गटाचे जे ॲडमिन आहेत, त्यांनी सांगितले की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही असे म्हटले आहे, त्यामुळे त्यांनी काळजी करण्याचे कारण नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. परंतु मंडळीत आपण एकमेकांचे कोण लागतो, याचे उत्तर न्यायालयाकडून घ्यायचे नसते. आमच्या मराठी ख्रिस्ती समाजाला छापील शब्दाची जबाबदारी काही नवी नाही. ‘ज्ञानोदय’ हे आमचे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला सुरू झाले, आणि तेव्हापासून तिथे छापल्या जाणाऱ्या ओळीसाठी कोणीतरी संपादक उत्तर देण्यास बांधलेला असे. आज आम्हा प्रत्येकाच्या हातात छापखाना आहे आणि उत्तर देण्यास मात्र कोणी उभा नाही.

२ मार्चला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस होता. दर वर्षी उपवासकाळात मी मांसाहार सोडतो. या वर्षी पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून मी नवीन काहीही पाठवायचे नाही आणि रोज रात्री अर्धा तास माझेच जुने पाठवलेले संदेश वाचायचे असे ठरवले. त्यांनी मला पोप फ्रान्सिस यांच्या २०१८ च्या जागतिक संज्ञापन दिनाच्या संदेशाचा मजकूरही वाचायला दिला. आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी तो मला फार उपयोगी पडला. तो खोट्या बातम्यांविषयी आहे, आणि पोप त्यांचे मूळ एदेन बागेतील सर्पापर्यंत नेतात. सर्पाने हव्वेला सांगितलेले सगळेच कपोलकल्पित नव्हते, त्यात खऱ्याचा अंश मिसळलेला होता, म्हणूनच ते तिला पटले.

मी एक वही घेतली आणि त्यात तीन रकाने आखले: हे खरे आहे का, हे कोणाचे आहे, त्याला विचारले होते का. पहिल्या आठवड्यात मी पहिल्याच रकान्यात गुंतलो होतो. रोग बरे करणारे काढे होते, थोरांच्या तोंडी घातलेली वचने होती, भलत्याच देशातील पुराचे छायाचित्र महाराष्ट्रातील म्हणून पाठवलेले होते. त्यांची यादी इथे देत नाही. ती लाजिरवाणी आहे, पण तिच्यात नवे काही नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी २०२० च्या नोव्हेंबरमधील एका संदेशापाशी आलो. तो पूर्णपणे खरा होता. मंडळीतील एका बहिणीच्या मुलाला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केले आहे, त्याच्या सुटकेसाठी आणि आईच्या सांत्वनासाठी प्रार्थना करावी, असे मी लिहिले होते. बहिणीचे नाव होते, मुलाचे नाव होते. ही गोष्ट तिने माझ्या पत्नीला आमच्या स्वयंपाकघरात, रडत, सांगितली होती. मी ती पावणेदोनशे लोकांच्या गटावर त्याच रात्री टाकली. खाली ‘आमेन’ची तशीच रांग होती. वहीच्या पहिल्या रकान्यात मी ‘होय’ लिहिले. दुसऱ्या रकान्यात तिचे नाव लिहिले. तिसऱ्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नव्हते.

आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचे आवार आहे. तिथे १८९० मध्ये मिशनऱ्यांनी दिलेला चहा पुण्यातल्या प्रतिष्ठितांनी घेतला, हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, आणि त्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली, हे पुणेकरांना ठाऊक आहे. लहानपणापासून ऐकलेली ती हकीकत मला त्या रात्री वेगळ्या बाजूने आठवली. चहा घेतला गेला होता, म्हणजे बातमी खोटी नव्हती. खरी गोष्टसुद्धा ती सांगण्याचा अधिकार नसलेल्याने चव्हाट्यावर नेली की माणसाचे काय होते, याचा तो दाखला आहे.

तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर तू एकटा त्याच्याकडे जा, असे प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. इथे अपराध माझा होता, पण जायचे एकट्यानेच हे उघड होते. मी आणि पत्नी एका शनिवारी दुपारी त्या बहिणीकडे गेलो. मी वही सोबत नेली नव्हती. तिने पाणी दिले. मी सांगितले की दीड वर्षापूर्वी मी तिची गोष्ट तिला न विचारता गटावर टाकली आणि मी तिची क्षमा मागायला आलो आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, तो संदेश तिसऱ्या दिवशी त्याच्या होणाऱ्या सासरी पोचला होता. लग्न मोडलं. आम्ही कोणाला सांगितलं नाही का मोडलं ते.”

मला हे ठाऊक नव्हते. संपूर्ण मंडळीला वाटत होते की पत्रिकेतल्या तारखा कोविडमुळे पुढे गेल्या आणि पुढे जुळले नाही. मुलगा त्या वेळी आतल्या खोलीत होता. तो आता बरा आहे, कामावर जातो, पण तो बाहेर आला नाही. “तुम्ही आलात हे बरं केलंत,” ती दारापर्यंत येऊन म्हणाली, “पण मला लगेच काही बोलता येणार नाही.” तिने मला क्षमा केली असे मी म्हणू शकत नाही. क्षमा मागणाऱ्याने ती मिळण्याची तारीख ठरवायची नसते, हे मी त्या जिन्यावरून उतरताना स्वतःला सांगत होतो.

प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे, या आज्ञेचा अर्थ मी आजवर दिखाऊपणाविरुद्धचा इशारा एवढाच घेत होतो. आता मला असे वाटते की त्या बंद दारामुळे ज्याच्यासाठी आपण प्रार्थना करतो त्याचीही अब्रू राखली जाते. देवाला कळावे म्हणून गटावर नाव लिहावे लागत नाही. लिहितो ते माणसांसाठी.

मार्चच्या अखेरीस पाळकसाहेबांनी हा विषय मंडळीच्या कमिटीपुढे ठेवला. मी माझ्या दोन्ही चुका तिथे सांगितल्या, दुसरी सांगताना अर्थातच कोणाचेही नाव किंवा ओळख न देता. चर्चा दोन तास चालली आणि सगळे एकमताने झाले असे नाही. शेवटी असे ठरले की गटावर केवळ मंडळीची निवेदने यावीत, आणि प्रार्थना-विनंती ज्याची त्याने स्वतः किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने पाळकसाहेबांना फोनवर सांगावी किंवा उपासनेपूर्वी वेदीजवळ ठेवलेल्या वहीत लिहावी. आजाराचे नाव, रुग्णालयाचे नाव, भांडणाचे कारण लिहायचे नाही. संडे स्कूलच्या मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायची नाहीत. छळाची बातमी असेल तर गाव, तारीख आणि प्रत्यक्ष ओळखीच्या माणसाचा दुजोरा मिळाल्यावरच ती सांगायची. या निर्णयानंतर तिघांनी गट सोडला. एका आजींनी तक्रार केली की पूर्वी सकाळी उठल्यावर कोण आजारी आहे ते कळायचे, आता कळत नाही. त्यांची खंत खरी आहे, कारण एकटे राहणाऱ्या वृद्धांना तो गट म्हणजे माणसांत असल्यासारखे वाटायचे. त्यासाठी तरुण संघातील मुलांनी आठवड्यातून एकदा अशा घरी जायचे ठरवले, आणि काही महिने ते नियमित गेले.

त्या वर्षी आज्ञा-गुरुवार, म्हणजे प्रभूच्या शेवटल्या भोजनाचा दिवस, १४ एप्रिलला आला. तोच डॉ. आंबेडकरांच्या जयंतीचा दिवस. सकाळी आमच्या इमारतीच्या दारात निळी पताका होती. कोविडची दोन वर्षे सरल्यानंतर जयंती पुन्हा उत्साहाने होत होती. मी वहिनींकडे गेलो. शुद्धिपत्र मी त्यांना छापून दिले होते, त्यांच्या पुतण्यालाही वाचून दाखवले होते, आणि आमचे बोलणे कधी थांबले नव्हते, तरी त्या सोमवारनंतर दोघांच्याही बोलण्यात एक जपून बोलणे आले होते. मी ‘जय भीम’ म्हटले. त्यांनी नेहमीप्रमाणे आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या रीतीने ‘सलाम’ म्हणून उत्तर दिले आणि खिरीची वाटी पुढे केली. संध्याकाळी उपासनेत पाळकसाहेबांनी पाय धुण्याचा पाठ वाचला. त्या मुलाची आई माझ्या पुढच्या दुसऱ्या बाकावर बसली होती. तिचा मुलगा सोबत नव्हता. प्रभुभोजनासाठी आम्ही एकाच रांगेत उभे होतो.

नाताळला वहिनी देहूरोडला जाण्यापूर्वी करंजी खायला आल्या.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये नात्यातील एका गटावर तोच संदेश पुन्हा आला. बौद्ध अतिरेकी, २० चर्च, ओलिसाबांग प्रांत, काल रात्री. एक अक्षरही बदललेले नव्हते. माथ्यावर बाण नव्हते आणि खाली माझ्या चुलतबहिणीचे नाव होते. माझे शुद्धिपत्र माझ्याकडे जपून ठेवलेले आहे. ते गटावर टाकण्याआधी मी तिला फोन लावला.